परड्यातली सॅलडची पानं: बेळगाव-खानापूर-निपाणीच्या हवेत बियांपासून ताटापर्यंत

कच्चा पाला खाणं आपल्याला नवीन नाही. दाण्याचं कूट घातलेली मेथीची पचडी, भाकरीशेजारी कांद्याची पात, कोवळ्या मुळ्याची पानं, अथणी-गोकाककडच्या काळ्या रानात आपसूक उगवणारी पाथरी, हे सगळं आपण चुलीवर न चढवताच खातो. लेट्यूस आणि रॉकेट या परदेशी सॅलडच्या भाज्यांची पानं त्याच ताटात बसतात. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर लेट्यूसचं कुरकुरीत पान खाऊन बघा, मग हे परक्या मुलखातलं वाटणार नाही.

अडचण येते ती लावताना. बियांच्या पाकिटावरच्या आणि व्हिडिओंमधल्या सूचना बहुतेक थंड देशांसाठी असतात. त्यात मार्च-एप्रिलमध्ये पेरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्या महिन्यांत लेट्यूस पेरला तर बहुतेक बी उगवतच नाही, आणि उगवलं तरी पान कडू होतं. मी बरीच वर्षं घरामागच्या छोट्या वाफ्यात आणि क्रेटमध्ये ही पानं घेतोय. आपली माती, आपला पाऊस आणि आपली थंडी धरून काय जमतं ते इथे क्रमाने लिहितोय. तुमच्याकडे परडं नसलं, नुसती गच्ची किंवा उन्हाची बाल्कनी असली तरी चालेल.

१. आधी महिना ठरवा, मग बी आणा

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १३ ते १५ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ३०च्या आसपास राहतो. लेट्यूसला याहून थोडा गारवा आवडतो, पण एवढ्यात तो छान वाढतो. शेजारच्या कोकणपट्टीत हेच जड जातं. आपल्याला मिळालेली ही थंडी वाया घालवू नका.

आपल्या भागाचं वर्षाचं गणित असं आहे:

दसऱ्याच्या सुमाराला, परतीचा पाऊस ओसरत असताना, पहिली रोपं ट्रेमध्ये टाका. ट्रे पत्र्याखाली किंवा पडवीत ठेवा.
नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा हंगाम. लेट्यूस, रॉकेट, कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा सगळं चालतं.
फेब्रुवारीचा पहिला आठवडा ही लेट्यूस पेरायची शेवटची वेळ. त्यानंतर पेरलेला पान धरायच्या आधीच तुऱ्यावर जातो, म्हणजे फुलोरा काढतो.
मार्च ते मे घोळ, राजगिरा, तांदुळजा. लेट्यूसचा हट्ट धरू नका.
जून ते सप्टेंबर उघड्यावर काही नको. आडोशाखाली अळीव, मोहरी आणि मेथीची कोवळी पानं घ्या.

एकाच जिल्ह्यात हवा किती बदलते हेही लक्षात घ्या. कणकुंबी-जांबोटीकडे ऑक्टोबरातही जमीन ओली आणि हवा दमट असते, तिथे पंधरा दिवस थांबा. अथणी-कागवाडकडे पाऊस जेमतेम आणि ऊन कडक, तिथे जानेवारीनंतर पेरू नका. निपाणी-चिकोडीचं वेळापत्रक या दोन्हींच्या मधलं.

२. काय लावायचं

पहिल्या वर्षी चार-पाच प्रकार पुरे. मी सुचवेन ते हे.

लेट्यूस: सुट्ट्या पानांचा घ्या. ‘ग्रँड रॅपिड्स’ किंवा लाल कडांचा ‘लोलो रोसो’ ही नावं दुकानात सांगा. उभ्या पानांचा रोमेनही आपल्याकडे चांगला येतो. कोबीसारखा गड्डा धरणारा आइसबर्ग मात्र नवख्यांनी टाळावा. त्याला गड्डा भरायला लांब, सलग थंडी लागते. आपल्याकडे जानेवारी संपता संपता दुपारचं ऊन चढतं आणि गड्डा सैल राहतो. सुट्ट्या पानांच्या जाती सव्वा ते दीड महिन्यात पहिली पानं देतात.

रॉकेट: दुकानात याला अरुगुला म्हणतात. मोहरीच्या कुळातलं, चवीला तिखट. आपल्या जिभेला हे लेट्यूसपेक्षा लवकर आवडतं असा माझा अनुभव आहे. तीन-चार दिवसांत उगवतं आणि महिन्याभरात कापायला येतं.

अळीव: बाळंतिणीच्या लाडवातला तोच. किराणा दुकानातून आणा. दोन-तीन दिवसांत उगवतो आणि दोन आठवड्यांत बोटभर उंचीचा, तिखटसर पाला हाती येतो. ज्यांनी आजवर काहीच पेरलेलं नाही त्यांनी सुरुवात अळिवापासून करावी. लहान मुलांना पेरायला द्यायलाही हाच उत्तम.

मेथी आणि कोथिंबीर: पचडीची मेथी बाजारातल्या जुडीपेक्षा कोवळी हवी. वीस दिवसांची मेथी कच्ची खायला फार गोड लागते, आणि ती घरी पेरल्याशिवाय मिळत नाही.

मुळा: कंदासाठी न थांबता पानांसाठीच दाट पेरा. कोवळ्या पानांवर लव कमी असते.

घोळ: उन्हाळ्यातला आधार. आंबटसर, रसाळ पानं. एकदा लावला की दरवर्षी स्वतःच उगवतो. पालक, राजगिरा आणि घोळ यांत ऑक्झलेट जास्त असतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही पानं रोज कच्ची खाऊ नयेत, डॉक्टरांना विचारावं.

३. बियाणं घेताना

लेट्यूसच्या एका ग्रॅममध्ये ८००च्या आसपास बिया असतात. एका घराला सगळ्यात लहान पाकीट पूर्ण हंगाम पुरतं. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. लेट्यूसची उगवण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर झपाट्याने घटते.

पाकीट उलटून चार गोष्टी वाचा: उगवण किती टक्के, चाचणी कधी झाली, कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं आणि बियांना औषध चोळलंय का. पाकीट उन्हात, काचेच्या कपाटात लटकत असेल तर ते नको. पावती घ्या आणि पाकीट फेकू नका.

इथे एक मोठा धोका आहे. गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगात बुडवल्यासारखं दिसणारं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं बी. शेतात पीक घेण्यासाठी ते ठीक आहे. पण दहा-पंधरा दिवसांत कोवळा पाला कापून खायचा असेल तर असं बी अजिबात वापरू नका. मेथी, मुळा, कोथिंबीर यांच्या शेतीच्या पाकिटांत हे हमखास आढळतं. दुकानदाराला ‘औषध न लावलेलं’ असं स्पष्ट सांगून मागा.

घरातली मेथी, मोहरी, अळीव चालतात. धणे मात्र बघून घ्या. भाजलेले किंवा फार जुने धणे उगवत नाहीत. मूठभर पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मेथी-मोहरीचे तीन दिवसांत आणि धण्याचे दहा-बारा दिवसांत सहा-सात दाणे फुटले तर बी चांगलं.

सुधारित जातींचं बियाणं हवं असेल तर बेंगळुरूच्या हेसरघट्ट इथली भारतीय बागवानी संशोधन संस्था भाजीपाल्याचं बी ऑनलाइनही विकते. पालकाची ‘अर्का अनुपमा’ आणि राजगिऱ्याची ‘अर्का सुगुणा’ या त्यांच्याच जाती. आपल्या जिल्ह्यात गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र. मातीबद्दल शंका असेल तर तिथल्या लोकांशी बोला.

४. साहित्य

एक खुरपं, बारीक भोकांची झारी, जुनी चाळण आणि फवारायची छोटी बाटली.
रोपांसाठी खाचांचा ट्रे किंवा तळाला भोकं पाडलेले दह्याचे डबे.
लावणीसाठी ६ ते ८ इंच खोल काहीही: भाजीचा क्रेट आतून गोणपाट लावून, फुटकी बादली, ग्रो बॅग किंवा जमिनीवरचा वाफा.
५० टक्के सावलीची हिरवी जाळी, दोन-तीन मीटर.
भाताचं पिंजर, आच्छादनासाठी. खानापूर-बेळगावकडे सहज मिळतं. ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनी वाळलेलं पाचट बारीक तोडून वापरावं.
खडू किंवा पेन्सिल आणि आइस्क्रीमच्या काड्या. कुठे काय पेरलं आणि कधी, हे लिहून ठेवल्याशिवाय पुढचं काही जुळत नाही.

५. माती

बेळगाव-खानापूरच्या बाजूला तांबडी, जांभ्याची माती. निचरा चांगला, पण ओल टिकत नाही, पृष्ठभाग उन्हात कडक होतो, आणि जास्त पावसाच्या पट्ट्यात ती आंबट असते. लेट्यूसला ६ ते ७ सामू (पीएच) लागतो. चुना अंदाजाने टाकू नका, आधी परीक्षण करून घ्या. पूर्वेकडे काळी माती. ओल धरते, पण पाणी साचून मुळं गुदमरतात आणि वाळली की भेगा पडतात. अशा मातीत वाफा जमिनीपासून सहा इंच उंच करा.

क्रेट किंवा कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भाताचं तूस. तूस भाताच्या गिरणीतून मिळेल. ताजं तूस वापरण्यापेक्षा ते ओलं करून दोन-तीन आठवडे पडू द्या, मग मिसळा. गांडूळखत असेल तर मूठ-दोन मूठ वरून द्या. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरायची तर जुनी, कुजून माती झालेलीच.

आता यातल्या तीन सापळ्यांकडे नीट लक्ष द्या. आपल्या भागात त्यांच्यामुळेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

पहिला, उसाच्या रानातली माती. आपल्याकडे माती म्हटलं की कुणाच्या तरी मळ्यातून एक पोतं येतं. उसात ॲट्राझीन हे तणनाशक वापरतात. ते मातीत कित्येक महिने टिकतं आणि उसाला काही करत नाही, पण लेट्यूस, मेथी, मुळा यांची कोवळी रोपं पिवळी पडून जळतात. लोक बियांना दोष देतात. म्हणून आणलेल्या मातीत आधी चार मेथीचे दाणे आणि चार काकडीच्या बिया टाका. पंधरा दिवस रोपं हिरवी, टवटवीत राहिली तर माती वापरा.

दुसरा, खारवट माती आणि पाणी. कृष्णाकाठी बेसुमार पाण्यामुळे जमिनी खारवल्या आहेत, हे तिकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. माती वाळल्यावर वर मिठासारखा पांढरा थर दिसला तर ती नको. बोअरचं पाणी जड असेल तर निदान रोपं तरी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर वाढवा. लेट्यूस क्षार सहन करत नाही, त्याच्या पानांच्या कडा करपतात.

तिसरा सापळा आरोग्याचा आहे. ही पानं आपण शिजवणार नाही. पालकाची भाजी उकळते, लेट्यूस उकळत नाही. त्यामुळे ताजं शेण, शेणाची स्लरी, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) यांचा पानांवर फवारा नको, उगवलेल्या वाफ्यात मुळाशी ओतणंही नको. शेणखत काळं, भुसभुशीत आणि वास नसलेलं झालेलं हवं, म्हणजे निदान चार-सहा महिने कुजलेलं. नाल्याचं, गटाराचं पाणी तर मुळीच नको. जंतांची अंडी आणि पोटाचे आजार याच वाटेने घरात येतात. वाफ्याला कुत्री-मांजरी, डुकरं आणि कोंबड्या शिरणार नाहीत असं कुंपण करा.

६. पेरणी

लेट्यूसचं बी इतकं बारीक असतं की ते पुरण्याची चूक सगळ्यांकडून होते. या बीला उगवायला उजेड लागतो. मातीचा वरचा थर हाताने सपाट करा, झारीने ओला करा, बी बोटांच्या चिमटीत घेऊन एकेका खाचेत दोन-तीन टाका आणि वरून चाळणीने बारीक खताचा इतका पातळ थर द्या की बी अर्धवट दिसत राहील. बोटाने हलकं दाबा. त्यानंतर पाणी वरून ओतू नका. ट्रे परातीत ठेवून परातीत पाणी घाला, खालून ओल चढते. वरून हवं तर फवारा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मातीचं तापमान २८-३० अंशांच्या वर गेलं की लेट्यूसचं बी झोपी जातं. ते मेलेलं नसतं, फक्त थांबतं. ऑक्टोबर हीटमध्ये आपल्याकडे नेमकं हेच होतं. उपाय सोपा आहे. बी ओल्या टिपकागदात गुंडाळा, डबीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवा. मग संध्याकाळी पेरा आणि ट्रे घरातल्या गार फरशीवर ठेवा. मोड दिसला की मात्र त्याच दिवशी उजेडात आणा. एक दिवस जरी अंधारात राहिलं तरी रोपं लांबट, लुळी होतात आणि पुन्हा सुधारत नाहीत. चौथ्या ते आठव्या दिवसात उगवण दिसते.

बाकीच्यांचं थोडक्यात. रॉकेट, मुळा, मोहरी थेट वाफ्यात, अर्धा सेंटिमीटर खोल, ओळीत. मेथी रात्रभर भिजवून फोकून पेरा आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. धणे पाटावर लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मग बारा तास भिजवून पेरा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, धीर धरा. पालकाच्या एका खडबडीत दाण्यातून दोन-तीन रोपं येतात, त्यामुळे तो दाट टाकू नका.

अळीव भिजवू नका. पाण्यात त्याचा चिकट गोळा होतो आणि मग तो पसरतच नाही. कोरडा, दाट, ओल्या मातीवर भुरभुरा. वर माती नको. दोन दिवस ओलं गोणपाट झाका आणि मोड दिसताच काढून टाका.

पेरलं की लगेच मुंग्यांचा बंदोबस्त करा. त्या लेट्यूसचं बी एका रात्रीत उचलून नेतात, आणि आपण उगवलं नाही म्हणून दुकानदाराला बोलतो. ट्रे स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. जमिनीवरच्या वाफ्याला कडेने हळदीची रेघ ओढा, पाऊस-पाणी लागलं की पुन्हा ओढा. चिमण्यांसाठी मोड येईपर्यंत जाळी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकदम पेरू नका. नवखा माणूस पूर्ण पाकीट एका दिवशी रिकामं करतो. दीड महिन्याने सगळं एकाच आठवड्यात तयार होतं, शेजारीपाजारी वाटून संपत नाही, आणि पुढच्या आठवड्यात वाफा मोकळा. दर पंधरा दिवसांनी थोडं पेरा. चार माणसांच्या घराला दर खेपेस लेट्यूसची आठ-दहा रोपं आणि हातभर लांबीची रॉकेटची एक ओळ पुरते. पहिली पेरणी दसऱ्याला धरली तर दिवाळीच्या आसपास दुसरी-तिसरी, आणि असं संक्रांत ओलांडून जा. मार्चपर्यंत ताट रिकामं राहत नाही.

७. रोपं लावणं

लेट्यूसला चार-पाच खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली, म्हणजे तीन-चार आठवडे झाले, की लावा. त्याआधी चार दिवस ट्रे थोडा थोडा उन्हात सरकवत न्या. लावणी संध्याकाळी करा. दोन रोपांत ८ ते १० इंच अंतर. ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. मधला कोंब मातीत गेला तर तो कुजतो. लगेच पाणी, आणि दोन दिवस दुपारी जाळीची सावली.

थेट पेरलेल्यांची विरळणी करा. उपटलेली रोपं टाकून देऊ नका, धुऊन खा. पहिलं सॅलड तेच असतं आणि फार चवदार असतं. बी औषध लावलेलं नको हे वर का सांगितलं ते इथे कळेल.

८. पाणी आणि सावली

लेट्यूसची मुळं वरच्या अर्ध्या फुटात असतात. एक दिवस माती कोरडी पडली तरी पान कडवट होतं. थंडीत रोज सकाळी एकदा, क्रेटमध्ये असेल तर उन्हाच्या दिवशी संध्याकाळीही बोट घालून बघा. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. ज्यांच्या नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येतं त्यांनी पिंजराचा दोन बोटं थर वाफ्यावर नक्की पसरावा. पाण्याची निम्मी चिंता मिटते आणि पानांवर मातीचे शिंतोडेही उडत नाहीत, जे धुताना फार त्रास देतात. ज्यांच्या घरी जुनी विहीर आहे ते नशीबवान. तिचं पाणी स्वच्छ आहे ना, तेवढं तपासून घ्या.

डिसेंबरमध्ये चार-सहा तास ऊन खुशाल लागू द्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी जाळी. मार्च-एप्रिलच्या वळवाला विसरू नका. गारा पडल्या तर लेट्यूसची चाळण होते. आभाळ भरून आलं की तयार असतील ती पानं कापून घ्या.

९. किडी आणि रोग

रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली तर ती कोलमड. जास्त ओल, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा ही त्याची कारणं. आडवी रोपं मातीसकट काढा, पाणी थांबवा, हवा खेळती करा. त्या ट्रेची माती पुन्हा रोपांना वापरू नका.

मावा पानांच्या खाली, कोंबात बसतो. सकाळी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन काढा, दोन-तीनदा केलं की आटोक्यात येतो. तरी राहिला तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, साबणाचे चार थेंब घाला आणि संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर ती पानं तोडू नका.

नागअळी पानात पांढऱ्या वळणदार रेघा काढते, असं पान खुडून चुरगळून टाका. मुळा-रॉकेटवर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ते उड्या मारणारे बारीक भुंगेरे. पेरल्या दिवसापासून पातळ जाळी घातली तरच ते थांबतात. खानापूरच्या दमट बाजूला गोगलगाई फार. रात्री बॅटरी घेऊन वेचा, किंवा ओलं गोणपाट वाफ्याजवळ पसरा आणि सकाळी उलटून खालच्या सगळ्या गोळा करा.

तंबाखूचा काढा फवारू नका. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू घरोघर, म्हणून हा सल्लाही सहज मिळतो आणि देणारा चांगल्या मनानेच देतो. पण निकोटीन हे विष आहे आणि ही पानं तुम्ही न शिजवता खाणार आहात. शेतातल्या फवारणीची उरलेली औषधंही इथे नकोत, आणि तणनाशकाच्या पंपाने तर पाणीसुद्धा मारू नका. पंप कितीही धुतला तरी त्यात अंश राहतो.

१०. कापणी आणि धुणं

सकाळी ऊन चढायच्या आत कापा. लेट्यूसची बाहेरची पानं खुडत जा, मधला कोंब ठेवा. एक झाड असं तीन-चार आठवडे देतं. रॉकेट आणि मेथी जमिनीपासून दीड इंच ठेवून कात्रीने कापा. रॉकेट दोन-तीनदा फुटतं, मेथी दुसऱ्यांदा थोडी विरळ येते. अळीव एकदाच.

पानं आधी मोठ्या भांड्यात बुडवून खळबळा म्हणजे माती तळाला बसते, मग वाहत्या पाण्याखाली एकेक पान दोन्ही बाजूंनी धुवा. शेवटचं पाणी पिण्याचं असावं. सुती कापडावर पूर्ण कोरडी करा, ओल राहिली तर फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी चिकट होतात. कोरडी पानं सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस चांगली राहतात. मीठ आणि लिंबू खायच्या आधी घाला, आधीपासून घातलं की पाणी सुटतं.

झाड अचानक उंच जायला लागलं आणि पान तोडल्यावर दुधासारखा चीक जास्त दिसला तर तुरा येतोय. त्याच दिवशी सगळी पानं काढून घ्या, उद्या कडू होतील.

११. पुढच्या वर्षीचं बी

सगळ्यात उशिरा तुऱ्यावर गेलेलं एक लेट्यूसचं झाड उपटू नका. ज्याने आपल्या उन्हात जास्त दिवस तग धरला त्याचंच बी आपल्याला हवं. लेट्यूसचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी भेसळ क्वचितच होते. मात्र संकरित जातीचं, म्हणजे पाकिटावर एफ-१ लिहिलेल्याचं बी धरू नका, पुढची पिढी सारखी येत नाही. रॉकेट आणि मुळ्याची फुलं मधमाश्या फळवतात. त्यांच्या दोन जाती जवळजवळ असतील तर बी भेसळीचं होईल.

पिवळी फुलं मिटून दोन-तीन आठवड्यांनी बोंडावर पांढरे केस दिसतात. झाड कागदी पिशवीत वाकवून झटका, पिकलेलं तेवढंच बी पडेल. दर दोन-तीन दिवसांनी हे करा. वळवाचा पाऊस येण्याआधी उरलेली फांदी कापून पडवीत उलटी टांगा. बी सावलीत आठवडाभर वाळवा, फुंकून साफ करा, कागदी पाकिटात घालून वर जात आणि वर्ष लिहा. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्या पावसाळ्याची दमट हवा बियांना सगळ्यात वाईट, म्हणून जून ते सप्टेंबर तो डबा फ्रिजमध्ये असू द्या. दसऱ्याच्या आधी बाहेर काढला की झाकण लगेच उघडू नका. डबा खोलीइतका गरम होईपर्यंत थांबा, नाहीतर आतल्या बियांवर पाणी धरतं.